घट्ट टायर, मोकळे हात

सायकलींचे शहर म्हणून एके काळी ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आणि राज्यातील इतर शहरांतही सायकल पुन्हा रस्त्यावर दिसू लागली आहे. फरक इतकाच, की पूर्वीची काळी, जड, रॉडच्या ब्रेकची सायकल आता अपवादानेच दिसते. तिची जागा हलक्या धातूच्या रिमा, अरुंद टायर आणि गिअर असलेल्या सायकलींनी घेतली आहे. या नव्या सायकली वेगाने पळतात, चढावर दमवत नाहीत आणि दिसायलाही देखण्या असतात. मात्र पंक्चर झाल्यावर त्यांचा एक वेगळाच स्वभाव उघड होतो. टायर उतरवताना फारसा त्रास होत नाही, ट्यूबही बदलता येते, पण टायर पुन्हा रिमवर चढवताना शेवटची वीतभर कड काही केल्या आत जात नाही. अंगठे लाल होतात, नखे दुमडतात, कातडी सोलली जाते आणि अखेरीस हाताला लागेल ते अवजार घालून टायर रेटला जातो. त्या रेटण्यात नवी ट्यूबही फाटते.

हा प्रसंग वरवर किरकोळ वाटतो. परंतु घाटात, गावापासून दूर, रात्रीच्या वेळी तो ओढवला तर किरकोळ राहत नाही. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारातील सफरींमध्ये २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटरचे २० तासांत आणि ६०० किलोमीटरचे ४० तासांत पूर्ण करावे लागते. तपासणी नाक्यांखेरीज वाटेत सोबतच्या गाडीची मदत घेण्यास तेथे मनाई असते. अशा वेळी स्वतःचे दोन हात हीच सायकलस्वाराची कार्यशाळा. शिवाय ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, ज्यांच्या अंगठ्यात जोर उरलेला नाही, अशा अनेकांचे सायकल चालवणे केवळ या एका अडचणीपायी बंद पडते. पाय साथ देतात, पण हात नाही, अशी ही अवस्था. म्हणूनच घट्ट टायर बसवण्यामागचे शास्त्र समजून घेणे उपयोगाचे आहे. ते एकदा समजले, की या कामात ताकदीला दुय्यम स्थान आहे हे लक्षात येते.

टायर घट्ट का असतो?

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर म्हणून काम करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरची कल्पना १८४५ मध्येच मांडली होती. पण ती तेव्हा व्यवहारात रुजली नाही. डनलॉप यांचा सुरुवातीचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे तो सोलून काढणे आणि पुन्हा चिकटवणे. दुरुस्तीला तासन् तास लागत.

ही अडचण ओळखून फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी झालेल्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ हा सायकलपटू हाच टायर वापरून सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर ७१ तासांच्या आसपास कापून पहिला आला. वाटेत पंक्चर झाले, तरी टायर उतरवून दुरुस्ती करता येते, हे त्या विजयाने जगाला दाखवून दिले. त्याच सुमारास, १८९० मध्ये, इंग्लंडमधील चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणारी तार घालण्याची रचना मांडली. आज आपल्या सायकलीला असलेला टायर मुळात त्याच घराण्यातला आहे.

‘न ताणणारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. टायर हाताला रबराचा लागतो, त्यामुळे तो ताणून रिमवर चढवायचा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात टायरच्या कडेत पोलादी तार किंवा घडी होणाऱ्या टायरमध्ये अरामिड धाग्यांची दोरी असते. दोन्हीही माणसाच्या हाताने ताणल्या जात नाहीत आणि ताणल्या जाऊही नयेत. कारण आत हवेचा दाब भरल्यावर टायरला रिमवर धरून ठेवण्याचे काम हीच कड करते. ती सैल झाली, तर चालत्या सायकलीचा टायर रिमवरून निसटेल. तेव्हा टायरची घट्ट बसण्याची प्रवृत्ती हा दोष नसून सुरक्षिततेची अट आहे. अंगठ्याने ती कड ताणू पाहणे म्हणजे पोलादाशी कुस्ती खेळणे होय. त्यात पोलाद हरत नाही.

रिमच्या पोटातील चर

मग न ताणणारी कड रिमच्या उंच काठावरून आत जाते तरी कशी? याचे उत्तर रिमच्या पोटात आहे. टायर काढलेली रिम आडवी धरून पाहिली, तर तिच्या दोन्ही काठांच्या आत टायरची कड टेकण्याची बैठक दिसते आणि त्या दोन बैठकांच्या मधोमध एक खोलगट चर दिसतो. हा चर चाकाच्या केंद्राच्या अधिक जवळ असतो. म्हणजेच चरातून जाणाऱ्या वर्तुळाचा परीघ बैठकीवरच्या वर्तुळाच्या परिघापेक्षा कमी असतो. टायरची कड चरात उतरवली, की तिला तेवढी वाट कमी लागते आणि उरलेली लांबी सैल पडते. हीच सैल लांबी शेवटच्या अवघड भागाकडे सरकवत नेली, की कड काठावरून सहज उतरते.

याचा ढोबळ हिशोब मांडून पाहू. सध्याच्या बहुतेक रोड आणि हायब्रिड सायकलींच्या टायरच्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. त्याचा परीघ होतो सुमारे १,९५४ मिलिमीटर. समजा, रिमचा चर बैठकीपेक्षा ३ मिलिमीटर खोल आहे आणि चाकाच्या तीन-चतुर्थांश भागात टायरची कड या चरात उतरवली आहे. मग सैल पडणारी लांबी साधारण १४ मिलिमीटर भरते. सुमारे दोन मीटरच्या परिघात १४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. परंतु टायर चढतो की अडतो, याचा निकाल याच १४ मिलिमीटरमध्ये लागतो.

आता दुसरा हिशोब. आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमच्या चरात एक पट्टी बसवलेली असते. ही पट्टी १ मिलिमीटर जाडीने वाढली, तर चर तेवढाच उथळ होतो आणि १४ पैकी जवळपास ५ मिलिमीटर सैलपणा नाहीसा होतो. जुन्या पट्टीवर दुसरी पट्टी चढवली किंवा जाड कापडी पट्टी गुंडाळली, तर पूर्वी सहज बसणारा टायर अचानक हट्टी का होतो, याचे कारण हे आहे. दोष टायरला दिला जातो, पण गुन्हेगार खाली लपलेला असतो. रिमच्या रुंदीला साजेशी, पातळ आणि मजबूत पट्टी बसवणे हा घट्ट टायरवरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त इलाज आहे. मात्र पट्टी इतकी अरुंदही नको, की आऱ्यांची भोके उघडी पडतील.

आकड्यांची भाषा

टायर बसतच नसेल, तर तो त्या रिमसाठी आहे ना, हे आधी तपासावे. सायकलीच्या टायरचे आकार हा एक गोंधळाचा प्रांत आहे. ‘२८ इंची’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या रोडस्टर सायकलीच्या टायरच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर युरोपीय पद्धतीच्या ‘२८ इंची’ टायरचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर असतो. नाव एकच, पण परिघात सुमारे ४१ मिलिमीटरचा फरक. ‘२६ इंची’ या एकाच नावाखालीही ५५९ मिलिमीटरचा माउंटन बाइकचा आणि ५९० मिलिमीटरचा साध्या सायकलीचा असे वेगवेगळे टायर मिळतात. उलट माउंटन बाइकचा ‘२९ इंची’ टायर आणि रोड सायकलीचा ‘७०० सी’ टायर यांची नावे निराळी असली, तरी कडेचा व्यास एकच म्हणजे ६२२ मिलिमीटर असतो.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायरच्या बाजूवर दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ३७-६२२. यातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुकानात जाताना इंचांचे नाव विसरून हा दुसरा आकडा लिहून न्यावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सायकल कारागीर शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी या आकारांची सविस्तर मांडणी करून जगभरच्या सायकलस्वारांचा मोठा भार हलका केला होता. आकडा जुळत नसेल, तर जगातील कोणतीही युक्ती तो टायर बसवू शकणार नाही आणि बसवलाच, तर तो धोक्याचा ठरेल.

आकडा जुळूनही काही टायर काही रिमांवर विलक्षण घट्ट बसतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या मापांत मिलिमीटरच्या अंशाइतका फरक असतो. टायरची कड किंचित लहान आणि रिमची बैठक किंचित मोठी, अशी जोडी जमली, की दोघांचा संसार हातांना भारी पडतो. नवा टायर जुन्यापेक्षा ताठ असतो, हेही खरे. असा टायर ट्यूबशिवाय रिमवर चढवून एक रात्र ठेवला किंवा काही वेळ उन्हात ठेवला, तर रबर आणि कापड मऊ पडते. कडेतील तार त्याने लांबत नाही, पण टायर वळवणे सोपे जाते.

अंगठ्यावर बारा पट भार

हाताला इजा होते ती नेमकी कशामुळे, हेही पाहायला हवे. टायरची कड अंगठ्याच्या टोकाने रेटताना अंगठा आणि बोटे चिमटीच्या स्थितीत असतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक छोटा सांधा असतो. खोगिराच्या आकाराच्या या सांध्यामुळेच अंगठा सर्व बाजूंना फिरू शकतो. मात्र त्याची किंमत अशी, की चिमटीच्या टोकाशी लावलेला जोर या सांध्यावर कित्येक पटींनी वाढून येतो. कुनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा भार पडतो. पाच-सहा किलोंचा जोर लावून दहा मिनिटे टायर रेटणारा माणूस आपल्या या चिमुकल्या सांध्यावर किती ओझे लादतो, याची कल्पना यावरून यावी.

वाढत्या वयात याच सांध्याची झीज होते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळते. बरणीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना किंवा कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर अशा व्यक्तीने अंगठ्याने टायर रेटणे कटाक्षाने टाळावे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला स्नायुबंधांच्या आवरणास सूज येणे, हाही एक ओळखीचा आजार आहे. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंगठ्याची तीच ती ताणाची हालचाल वारंवार झाल्यास हे दुखणे चिघळते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना तर कातडी सोलल्याचे लवकर जाणवतही नाही.

यावरून एक सूत्र निघते. टायर बसवताना अंगठ्याचे टोक विश्रांतीला ठेवावे आणि काम तळहाताचा मांसल भाग, कोपर, खांदा व शरीराचे वजन यांच्याकडे सोपवावे. पोळी लाटताना लाटण्यावर अंगठे रुतवले जात नाहीत. तळवे फिरतात आणि जोर खांद्यातून येतो. टायरच्या बाबतीतही तीच रीत लागू पडते.

पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी चाक सायकलीवरून काढून घ्यावे आणि सावलीत, सपाट जागी बसावे. पंक्चर कशाने झाले, ते शोधल्याखेरीज नवी ट्यूब घालू नये. बाभळीचा काटा, सराटा, काचेचा तुकडा किंवा महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार टायरमध्ये रुतून बसलेली असते. ती शोधण्यासाठी टायरच्या आतून उघडे बोट फिरवणे ही हाताला जखम करून घेण्याची हमखास वाट आहे. त्याऐवजी जुन्या सुती कापडाचा किंवा कापसाचा बोळा फिरवावा. टोकदार वस्तू असेल तेथे धागे अडकतात आणि जागा कळते. पावसाळ्यात ओल्या टायरला खडी आणि काचेचे कण चिकटून राहतात व पाण्यामुळे रबर सहज चिरले जाते. त्या दिवसांत ही तपासणी अधिक बारकाईने करावी.

हातांत पातळ, पकड असलेले मोजे असावेत. माळीकामात वापरतात तसे रबराचा थर दिलेले मोजे त्यासाठी चांगले. सायकल चालवताना घालायचे अर्ध्या बोटांचे मोजे उलटे करून घातले, तर गादीचा भाग हवा तेथे आणता येतो. तेही नसतील, तर जुना रुमाल तळहातावर गुंडाळावा.

क्रमाने काय करावे?

प्रथम टायरची एक बाजू पूर्णपणे रिमवर चढवावी. घट्ट टायरमध्येही ही बाजू सहसा त्रास देत नाही. ट्यूबमध्ये अगदी थोडी, तिला जेमतेम गोल आकार येईल एवढीच हवा भरावी. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून घालून ट्यूब सगळीकडून टायरच्या आत ढकलावी. हवा थोडी असल्याने ट्यूबला पीळ पडत नाही आणि ती कडेखाली चिमटली जाण्याची शक्यता कमी होते.

यानंतरचा टप्पा निर्णायक आहे. टायरची दुसरी बाजू बसवण्याची सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून करावी आणि शेवट व्हॉल्व्हजवळ करावा. अनेक जण याच्या उलट, व्हॉल्व्हपासून सुरुवात करतात आणि मग समोरच्या बाजूला अडतात. व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबचे जाड बूड चरात बसलेले असते, त्यामुळे तेथे टायरची कड चरात उतरूच शकत नाही. तो भाग आधी बसवून टाकला, तर कड तेथे उंच बैठकीवरच अडकून राहते आणि मोलाचा सैलपणा वाया जातो. तोच भाग शेवटासाठी राखला, तर बाकी सगळा परीघ चरात उतरवायला मोकळा राहतो.

चाक उभे धरावे, व्हॉल्व्ह खाली, पायांजवळ असावा. वरच्या टोकाशी टायरची कड रिमच्या आत सारून दोन्ही हात दोन्ही बाजूंनी समान अंतराने खाली सरकवत न्यावे. जितका भाग सहज आत जाईल, तितका जाऊ द्यावा. साधारण वीत-दीड वीत भाग उरला, की कड अडेल. येथे जोर लावण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि थांबावे.

ट्यूबमधील हवा आता सोडून द्यावी, कारण फुगलेली ट्यूब चरातील जागा अडवते. मग पुन्हा वरच्या टोकापासून सुरुवात करून टायरच्या दोन्ही बाजू हातांनी एकमेकींकडे दाबाव्यात, म्हणजे दोन्ही कडा बैठकीवरून सुटून मधल्या चरात घसरतील. बैठकीवर घट्ट चिकटलेली कड सुटताना हाताला स्पष्ट जाणवते. असे करत वरून खाली येत राहावे आणि त्याच वेळी टायर दोन्ही हातांनी कवळून, शरीराचा भार देत, खालच्या दिशेने ओढत आणावा. वरच्या बाजूला मिळालेला सैलपणा अशा रीतीने मिलिमीटर मिलिमीटरने खाली व्हॉल्व्हकडे येतो. एका फेरीत काम झाले नाही, तर दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात. बहुतेक घट्ट टायर येथेच शरण येतात.

शेवटची वीत

आता चाक उलटे करून अडलेला भाग वर आणावा. चाकाचा खालचा भाग जमिनीवर किंवा मांड्यांमध्ये पक्का टेकवावा. न बसलेली कड आपल्याकडे असावी. दोन्ही तळहातांची मनगटाजवळची मांसल बाजू टायरच्या बाजूवर ठेवावी, बोटे टायरवरून पलीकडे मोकळी सोडावीत, कोपरे जवळजवळ सरळ ठेवावीत आणि खांद्यांचा भार देत टायर पुढे लोटत गुंडाळावा. कड रेटण्यापेक्षा संपूर्ण टायर आपल्यापासून दूर लाटला जावा, अशी ही हालचाल असते.

उरलेला सगळा भाग एकदम आत घालण्याचा प्रयत्न करू नये. एका टोकाकडून बोटभर भाग, मग दुसऱ्या टोकाकडून बोटभर, असे आळीपाळीने पुढे जावे. एका बाजूने कड आत घालताना दुसऱ्या बाजूने ती बाहेर सरकते, हा नेहमीचा वैताग आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे बसलेल्या भागाच्या टोकाशी टायर आणि रिम एकत्र बांधून टाकणे. सामानाचा पट्टा, जाड नाडी किंवा प्लॅस्टिकचा केबल टाय या कामी येतो. दोन्ही टोके बांधली, की जणू दोन मदतनीस मिळतात.

तरीही कड हटत नसेल, तर तिला ओलावा द्यावा. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब पाण्यात मिसळून ते पाणी शेवटच्या वीतभर भागात कडेला आणि रिमच्या काठाला लावावे. घर्षण कमी होते आणि कड घसरून आत जाते. पाणी नंतर वाळून जाते. तेल, ग्रीस किंवा खोबरेल मात्र कदापि वापरू नये. खनिज तेल आणि ग्रीस यांनी रबर खराब होते, आणि कुठलाही तेलकटपणा ब्रेकच्या पृष्ठभागावर गेला, तर ब्रेक निकामी होतात. रिमला ब्रेक असलेल्या सायकलीत साबणाचे पाणीही काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डिस्क ब्रेकची चकती तर हाताने धरूच नये.

अवजार कधी वापरावे?

टायर चढवण्यासाठी टायर लिव्हर वापरू नये, असा एक जुना दंडक आहे. तो चांगला आहे, परंतु ज्यांचे हात दुखरे आहेत, त्यांनी त्याचे ओझे बाळगण्याचे कारण नाही. फक्त अवजार योग्य हवे आणि वापर बेताचा हवा. प्लॅस्टिकचा, गुळगुळीत टोकाचा लिव्हर घ्यावा. ट्यूब कडेपासून दूर सारली आहे ना, हे पाहून लिव्हरचे टोक रिमच्या काठाला जेमतेम अडकवावे आणि एका वेळी बोटभरच कड उचलावी. लिव्हर खोल घातला, तर ट्यूब त्याच्या आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते. तिला सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे पडतात आणि सगळे श्रम मातीमोल होतात. पेचकस, चमचा किंवा लोखंडी पाना या कामात घालू नये. त्याने ट्यूब फाटते, रिमच्या काठाला खोक पडते आणि तो निसटला, तर हातातच घुसतो.

याखेरीज टायर जॅक नावाचे एक साधन मिळते. एखाद्या लांब चिमट्यासारखे ते दिसते. त्याचे एक टोक रिमच्या पलीकडच्या काठावर टेकते आणि दुसरे वाकडे टोक टायरची कड पकडून काठावरून आत ओढते. लांब दांड्यामुळे अल्प जोरात काम होते आणि ट्यूबला धक्का लागत नाही. बोटांत संधिवात असलेल्यांनी ते जवळ ठेवावे, इतके उपयुक्त आहे.

टायर उतरवतानाही हेच शास्त्र चालते. हवा पूर्ण सोडून, सगळीकडून टायर दाबून दोन्ही कडा चरात पाडाव्यात आणि व्हॉल्व्हपासून थोड्या अंतरावर लिव्हर लावावा. समोरचा भाग चरात असेल, तर कड सहज वर येते.

हवा भरण्यापूर्वी

कड आत गेली, की हायसे वाटते आणि हात थेट पंपाकडे जातो. त्याआधी दोन मिनिटे खर्च करावीत. व्हॉल्व्ह एकदा आत टायरकडे दाबून पुन्हा ओढून घ्यावा. त्यामुळे त्याच्या बुडाशी चिमटलेली ट्यूब मोकळी होते. टायरच्या दोन्ही बाजू बोटांनी थोड्या मागे सारून संपूर्ण परिघात ट्यूब कडेखाली डोकावत नाही ना, हे पाहावे. कडेखाली अडकलेली ट्यूब हवा भरताच टायरला बाहेर ढकलते आणि बंदुकीच्या बारासारख्या आवाजाने फुटते. त्या वेळी चेहरा आणि कान चाकाजवळ नसावेत.

सुरुवातीला थोडी हवा भरून चाक फिरवून पाहावे. टायरच्या बाजूवर, कडेला समांतर अशी एक बारीक रेघ ठसलेली असते. ती रिमच्या काठापासून सर्वत्र सारख्याच अंतरावर दिसायला हवी. एखाद्या ठिकाणी ती आत बुडाली असेल किंवा फुगून वर आली असेल, तर हवा सोडून तो भाग हाताने सारखा करावा. मगच टायरवर छापलेल्या मर्यादेत पूर्ण दाब भरावा.

ट्यूबलेस टायरची गोष्ट थोडी निराळी आहे. हवा आतल्या आत कोंडून राहावी, यासाठी त्यांच्या कडा मुद्दामच अधिक घट्ट ठेवलेल्या असतात आणि रिमच्या बैठकीलाही आतून छोटा उंचवटा असतो. तेथे चराचा वापर अधिकच आवश्यक ठरतो. पट्टी पातळ आणि ट्यूबलेसचीच असावी. ज्या रिमांच्या काठाला आतून आकडा नसतो, त्यांच्यावर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, एवढीच दाबाची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांनी घातलेली आहे, आणि टायर किंवा रिमवर त्याहून कमी आकडा छापला असेल, तर तोच पाळावा. रस्त्यात पंक्चर मोठे असेल आणि आत ट्यूब घालावी लागली, तर तो घट्ट टायर हातांनी चढवता येईल का, याची परीक्षा घरीच घेऊन ठेवलेली बरी.

सराव घरच्या अंगणात

वर सांगितलेल्या रीतीत कोणतेही गूढ नाही. कडेत ताण नसतो, चरात सैलपणा असतो आणि तो सैलपणा व्हॉल्व्हकडे आणायचा असतो, एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. वाचून समजलेली ही गोष्ट हातात उतरायला मात्र सराव लागतो. नवा टायर घेतल्यावर दुकानातूनच बसवून आणण्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी तो घरी दोनदा उतरवून दोनदा चढवावा. घरातील शाळकरी मुलामुलींनाही सोबत बसवावे. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातांत जोर थोडा असतो, पण रीत कळली, की ती आपल्या सायकलीचा टायर स्वतः बसवू शकते. ज्येष्ठांनाही तेच लागू आहे.

पंक्चरच्या दुकानातील कसलेला कारागीर हे काम दोन मिनिटांत करतो. त्याचे मनगट पोलादी असते, असा आपला समज होतो. नीट पाहिले तर त्याचे हात टायरवरून दोनदा फिरतात, कड दाबत येतात आणि शेवटचा भाग फारसा झगडा न होता आत जातो. शास्त्राचे नाव त्याने घेतलेले नसते, पण सैलपणा कोठे दडला आहे, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक असते. तेवढे आपल्या तळव्यांना ठाऊक झाले, तर रस्त्यावर अडल्या वेळी सायकल ढकलत परतण्याची पाळी येणार नाही आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना अंगठाही कुरकुरणार नाही.